परत न मागण्याचा कागद

नकाराचं पत्र एका पानाचं होतं आणि दादांनी ते सकाळपासून चार वेळा वाचलं होतं. पाचव्यांदा चष्मा चढवला तेव्हा स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "अहो, पुन्हा वाचून काय त्यातली अक्षरं बदलणार आहेत?"

अख्खं घर त्यांना वहिनी म्हणायचं, त्यामुळे दादांच्या मनातही बायकोचं तेच नाव पक्कं झालं होतं. दादा वाचतच राहिले. अडतीस वर्षं बँकेत रोखपाल म्हणून काढलेल्या माणसाला कागद कळतो. पत्र परक्या भाषेत होतं, पण पुतणीनं प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं अर्थ लिहून पाठवला होता. 'अर्जदाराच्या खात्यातली रक्कम तिची स्वतःची नाही. जमा झालेल्या रकमांपुढे उसने असा शेरा आहे. वर्षभर आमच्या देशात राहण्यासाठी अर्जदाराकडे स्वतःचे पैसे आहेत, असे आम्हाला वाटत नाही. सबब अर्ज नामंजूर.' 'उसने' या शब्दाखाली पुतणीनं दोन रेघा मारल्या होत्या. दुसरी जरा जोरात मारली होती, कागद तिथं उठला होता.

अर्जदार म्हणजे डिंकी, तिघा भावंडांतली धाकटी. लहानपणी दिसेल त्याला चिकटून बसायची म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला लागली तेव्हा ते कायमचं झालं. वीस वर्षं तिनं शाळांची हजेरीपत्रकं, कचेऱ्यांची रजिस्टरं आणि कुणाकुणाची फाटकी पुस्तकं शिवली. त्यातली शेवटची अकरा वर्षं संध्याकाळी घरी येऊन आईचं केलं. आई गेल्या वर्षी गेली. आणि या वर्षी परदेशातल्या एका मोठ्या ग्रंथालयाच्या कार्यशाळेनं जुनी पुस्तकं दुरुस्त करायचं शिकायला डिंकीला वर्षभरासाठी बोलावलं. शिकवणी फुकट, राहण्या-खाण्याची सोय कार्यशाळेची. वय पंचेचाळिसाच्या आत हवं, ही अट. डिंकीला पंचेचाळिसावं चालू होतं, पुढच्या वर्षी तिचा अर्ज कुणी हातातही घेणार नव्हतं.

कार्यशाळा खायला घालणार, याच्याशी व्हिसावाल्यांना देणंघेणं नव्हतं. अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात बारा लाख पाहिजेत आणि ते तीन महिने जागचे हलता कामा नयेत, असा त्यांचा नियम. डिंकीचे दोन होते. दादांनी पाच टाकले, मधल्या अण्णानं चार, आणि अण्णाच्या मुलीनं, म्हणजे पुतणीनं, पगारातून साठवलेला एक. पैसे खर्चायचे नव्हतेच. दाखवायचे, आणि व्हिसा हातात पडला की ज्याचे त्याला परत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

मग शेरा कुणी लिहायला लावला? दादांनीच.

त्याचं मूळ मागच्या पिढीत होतं. वडिलांनी सख्ख्या भावाला छापखाना काढायला पैसे दिले होते, तोंडी. मागायची वेळ आली तेव्हा भाऊ म्हणाला, ते तर तू मला बक्षीस दिलेस. चौदा वर्षं कोर्टात गेली. शेवटी छापखाना राहिला नाही आणि भाऊपणही राहिलं नाही. वडील जाताना दादांचा हात धरून एवढंच म्हणाले, "लिहून घेत जा रे." दुधानं तोंड पोळलेलं हे घर तेव्हापासून ताकही फुंकून पितं. भावानं भावाला शंभर दिले तरी 'उसने' लिहिल्याशिवाय ते खिशातून निघत नाहीत, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. दादांच्या बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये शेऱ्याची चौकट रिकामी ठेवली तर पुढे जाताच येत नाही. ही सोय ज्या कुणी केली, त्या अनोळखी माणसाबद्दल दादांना फार आदर होता.

आणखीही एक गोष्ट होती, ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती. खात्याच्या उताऱ्याचं भाषांतर करणाऱ्या बाईंनी शेऱ्याचा रकाना गाळला होता. दादा भाषांतर तपासायला म्हणून स्वतः गेले, रकाना नाही हे पाहून चिडले, "उतारा म्हणजे उतारा, त्यातलं एक अक्षर गाळता येत नाही," असं म्हणून तासभर तिथं ठाण मांडून बसले आणि रकाना घालून घेतला. घरी येताना त्यांना समाधान वाटलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अकरा वाजता सगळे आले. अण्णा आधी, कारण रविवारी त्याचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान बंद असतं. मागून त्याची बायको, शाळेत शिकवणारी, घरातही फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलणारी. मग पुतणी, हातात कागदांचा गठ्ठा. डिंकी सगळ्यांत शेवटी आली आणि नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

तिच्या मांडीवर पहिल्या अर्जाची पानं होती. अर्ज पाठवताना तिनं ती फाइल स्वतः शिवली होती, कापडी पाठ लावून, मेण लावलेल्या दोऱ्यानं. व्हिसा कचेरीनं दोरा कापून पानं सुटी परत पाठवली. प्रत्येक पानाच्या कडेला सुईची पाच-पाच भोकं दिसत होती.

"सुटेच कागद लागतात म्हणे त्यांना," डिंकी हसून म्हणाली. "मी उगाच रविवार घालवला."

"नव्या अर्जाला अजून बारा दिवस आहेत," पुतणीनं सरळ कामाला हात घातला. "पैसे खात्यातून हललेले नाहीत, त्यामुळे तीन महिने पुन्हा मोजायला नकोत. फक्त ज्यांनी पैसे दिले त्यांनी एकेक कागद सही करून द्यायचा. मी सगळ्यांचे छापून आणलेत. उद्या वकिलासमोर शपथ घेतली की झालं."

"वाच बघू काय लिहिलंय," अण्णाची बायको म्हणाली.

पुतणीनं वाचलं, "मी ही रक्कम अर्जदाराला कायमची दिली आहे. ती परत मागण्याचा मला हक्क नाही. ती परत करण्याबद्दल आमच्यात लेखी किंवा तोंडी काहीही ठरलेले नाही." मग कागद खाली ठेवून म्हणाली, "खाली देणाऱ्याची सही, आणि शेजारी आत्याची." एवढं बोलून तिनं स्वतःच्या कागदावर सही ठोकलीसुद्धा.

"अगं, विचारशील की नाही कुणाला?" तिची आई म्हणाली.

"माझा पगार आहे आई."

अण्णानं खिशातलं पेन काढलं. दुकानातलं पेन, टोपण हरवलेलं. बायकोनं ते त्याच्या बोटांतून हळूच काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"म्हणजे हे पैसे गेले, असं समजायचं."

"गेले कशानं?" अण्णा म्हणाला. "डिंकी काय पळून जाणार आहे?"

"मी तसं म्हणाले का? मी फक्त कागद वाचतेय. परत देण्याबद्दल काही ठरलेलं नाही, असं यात लिहिलंय. ठरलेलं असेल, तर आपण चौघंही खोटी शपथ घेतोय. नसेल, तर आपले चार लाख गेले. दोन्हींतलं काय ते एकदा ठरवा, मग करा सही."

बोलणं कडू होतं पण चूक नव्हतं, आणि दादांना मनातून तिचा आधारच वाटला. गेले आठ दिवस हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. स्वतः बोलायची वेळ आली नाही, हे बरंच झालं.

अण्णानं दादांकडे पाहिलं. "दादा करील तसं मी करीन."

हे वाक्य अण्णा पन्नास वर्षं म्हणत आला होता. शाळा कुठली घ्यायची, दुकान कुठं काढायचं, आईला कुणी ठेवायचं, सगळ्याला त्याचं एकच उत्तर. आजवर दादांना त्याचा अभिमान वाटायचा. आज मात्र धोंड आपल्याच गळ्यात येणार, हे त्यांना दिसू लागलं.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप मांडता मांडताच म्हणाल्या, "मी बोलले तर चालेल का? तसं मला कुणी विचारलेलं नाही."

"बोला ना वहिनी," अण्णा म्हणाला.

"भाऊजी, तुमचे चार आणि यांचे पाच, हे आले कुठून?"

अण्णानं कप पुढे ओढला.

"आईंचं घर विकलं, त्यातूनच ना? त्या घरात डिंकीचाही वाटा होता. तिनं हक्क सोडल्याचा कागद याच टेबलावर सही केला. मी असाच चहा आणला होता. तिनं विचारलं होतं का, माझं मला परत कधी मिळणार म्हणून?"

"वहिनी, नको," डिंकी म्हणाली. "ते मी माझ्या खुशीनं दिलं."

"तेच म्हणते मी. खुशीनं देणं या घरात एकीला तरी जमलं."

अण्णाची बायको कपात पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा फळा जरा पुसला गेल्यासारखा झाला. "जाऊबाई, तुम्ही म्हणता ते मला कळतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आम्हालाही काही ती परकी नाही. ठीक आहे. मोठ्या भाऊजींनी आधी सही केली, तर आम्हीही करू. काय हो?"

अण्णानं लगेच मान हलवली.

म्हणजे सगळं फिरून दादांपाशी आलं. दादांनी चहाचा घोट घेतला, तो गरम होता हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. डिंकीवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. उद्या व्हिसा आला तर परवा ती पाच लाख परत पाठवील, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पण कागदावर 'परत मागण्याचा हक्क नाही' असं लिहिलेलं असताना खाली आपली सही करायची, हे काही त्यांच्या मनाला पटेना. तिला तिकडे काही झालं तर? आपल्यालाच उद्या दवाखाना लागला तर? त्यांना वडिलांचा हात आठवत होता, हाडं लागणारा, घट्ट धरलेला.

"एक मात्र मला कळत नाही," उताऱ्याची पानं चाळता चाळता पुतणी म्हणाली. "मी काल त्या भाषांतरवाल्या बाईंना फोन केला होता. म्हटलं, शेरे सोडून करून दिलं असतंत तर एवढं झालं नसतं. तर त्या म्हणतात, आम्ही सोडलेच होते हो, तुमच्या घरचे एक गृहस्थ येऊन बसले आणि भांडून घालून घेतले."

अण्णानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं वहिनींकडे, आणि वहिनींनी सरळ दादांकडे.

"तुम्ही?"

"उतारा अपुरा देणं चुकीचं होतं," दादा म्हणाले. आवाज त्यांना हवा तसा लागला नाही.

"अरे, पण सांगायचंस तरी!" अण्णा उठूनच उभा राहिला. "आठ दिवस आम्ही त्या बाईला शिव्या घालतोय!"

"जाऊ दे अण्णा," डिंकी म्हणाली. "दादानं कधी अपुरा कागद दिलाय का कुणाला?"

ती टोमणा मारत होती की सांभाळून घेत होती, दादांना कळलं नाही. ते उठले, कपाट उघडलं आणि खालच्या खणातून एक लिफाफा काढला. हा लिफाफा त्यांनी चार दिवसांपूर्वीच तयार करून ठेवला होता. तो असा, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन काढावा लागेल, असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

"मी यावर तोड काढली आहे. तिकडचा कागद आहे तसा सही करू. आणि हा दुसरा, आपल्यातला. डिंकीनं यावर सही करायची, की रक्कम उसनी आहे आणि व्हिसा मिळाल्यापासून तीस दिवसांत परत करीन. हा कपाटात राहील. कुणाचं काही बुडायला नको आणि तिचंही काम व्हायला हवं."

"अडतीस वर्षं एक पावती खोटी केली नाही म्हणून गावभर मिरवता," वहिनी म्हणाल्या, "आणि आता हे?"

"खोटं काय आहे त्यात?"

"आता तुम्हीच सांगा, काय खरं आहे त्यात!"

डिंकीनं कागद हातात घेतला. सवयीनं आधी तो अंगठा आणि तर्जनी यांत धरून चोळून पाहिला, मग वाचला. सावकाश, शेवटपर्यंत.

"कागद चांगला वापरलायस दादा. पन्नास वर्षं टिकेल." तिनं तो टेबलावर ठेवला. "पण तिकडे मी शपथ घेणार की लेखी-तोंडी काही ठरलेलं नाही. आणि हा इथं कपाटात."

"कुणाला कळणार आहे?"

बोलून गेल्यावर दादा स्वतःच दचकले. हेच वाक्य खिडकीपलीकडून किती जणांनी त्यांना ऐकवलं होतं, आणि प्रत्येकाला त्यांनी कागद परत करून रांगेबाहेर काढलं होतं.

"मला कळेल की," डिंकी म्हणाली. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर आली. बोटांच्या टोकांना वाळलेल्या खळीचे पांढरे कण होते, ते धुतलं तरी तिच्या हातावरून कधी पुरते जात नसत. "हे बघ, मी तुझे पैसे ठेवून घेणार नाही, हे तुला माहितेय. पण तू ते दिलेस असं म्हण. मनापासून म्हण. मग पुढे मी काय करायचं ते माझं मी बघीन. तेव्हा तो कागदही खरा होईल आणि मला खोटी शपथ घ्यावी लागणार नाही. एवढं माझ्यावर सोडशील?"

दादा उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुतणी म्हणाली, "मोठे काका, आणि या बारीक रकमांचं काय करायचं? त्यांच्यापुढेही तोच शेरा आहे. दीड वर्षाचा उतारा द्यायचाय, तेव्हा यांचाही खुलासा लागेल."

"कुठल्या बारीक रकमा?"

"या तुमच्याच. दर महिन्याच्या पाच तारखेला तीन हजार." पुतणीनं पेन्सिल ओळीवर टेकवली आणि मोठ्यानं वाचलं. वाचताना तिला कळलं नव्हतं, वाचून झाल्यावर कळलं. "आईचं औषध, उसने."

पुतणीनं पेन्सिल खाली ठेवली. "सात नोंदी आहेत," ती पुटपुटली. "मग बंद झाल्यात."

आई गेली, तेव्हा बंद झाल्या होत्या.

"ते... ते आपोआप जायचं," दादा म्हणाले. "बँकेला एकदाच सांगून ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी. सवयीनं पडलं असेल."

हे पूर्ण खरं नव्हतं आणि ते दादांना माहीत होतं. तो दिवस त्यांना आठवत होता. शेऱ्याच्या चौकटीत 'आईचं औषध' एवढं लिहून ते थांबले होते. पुढेमागे घर विकायचं झालं तर हिशेबात धरता येईल, असा विचार मनात आला होता, आणि मग पुढचा शब्द लिहिला होता. घर विकलं तेव्हा त्यांनी ते धरलं नाही, विसरूनच गेले. पण लिहिताना काही विसरलेले नव्हते.

"तुला माहीत होतं?" अण्णानं डिंकीला विचारलं.

"दर महिन्याला मोबाइलवर यायचं ना. मला वाचता येतं." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि दादांना तेच सोसेना. "आई विचारायची, कुणाचे आले गं? मी सांगायचे, दादाचे, तुझ्या औषधाला. खूश व्हायची. शेजारच्या बाईंना बोलावून सांगायची. पुढचा शब्द मी कधी वाचून दाखवला नाही."

अण्णाच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. वहिनींनी सगळे कप गोळा केले, भरलेले आणि रिकामे, आणि आत निघून गेल्या. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"दादा," डिंकी म्हणाली, "मी मघाशी विचारलं ते राहिलंच."

आता हो म्हणणं किती सोपं होतं! दादांना हो म्हणायचंही होतं. पेन समोरच होतं, टोपण नसलेलं. त्यांनी ते उचललं, कागद पुढे ओढला, आणि पहिल्याच ओळीतल्या 'कायमची' या शब्दावर त्यांची नजर अडली. हात तिथंच राहिला.

"मला दोन दिवस दे," ते म्हणाले. "विचार करतो."

डिंकीनं मान हलवली. कारखान्यात एखादं पुस्तक उघडून, पानं हाताला लागताच भुगा होतायत हे पाहिल्यावर ती अशीच मान हलवत असावी.

"दिले असते रे. बारा आहेत त्यातले दोन काय. पण परवा तू सही करशील ती या सात नोंदींच्या लाजेनं करशील. मला लाजेचे पैसे नकोत. तेवढ्यावर मला वर्ष काढता येणार नाही तिकडे."

"आत्या, वेडी झालीस का?" पुतणी ओरडली. "वय बसणार नाही तुझं पुढच्या वर्षी!"

"नाही बसणार."

"मग?"

"मग काय? उद्या कामावर जाईन. शाळांची रजिस्टरं आलीत, चारशे आहेत."

अण्णा म्हणाला, "डिंकी, मी करतो सही. दादाचं राहू दे. आत्ता करतो, दे तो कागद इकडे."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा तो दादांकडे न बघता बोलला होता. डिंकीला ते कळलं, कारण तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझे धरूनसुद्धा पाच कमीच पडतात रे अण्णा. पण तू म्हणालास, ते लक्षात ठेवीन."

तिनं पिशवीतून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ बोटानं काहीतरी टिपत बसली. मग अण्णाच्या सदऱ्याच्या खिशात आवाज झाला. पाठोपाठ टेबलावरचा पुतणीचा मोबाइल थरथरत सरकला. शेवटी टीव्हीशेजारी ठेवलेला दादांचा वाजला. पाच लाख. शेऱ्यात एकच शब्द होता, परत.

"मी पुन्हा पाठवणार तुला," पुतणी रडत म्हणाली. "माझे नकोच आहेत मला."

"नको पाठवूस. ठेव. आणि तुला कधी कुठं जायचं असलं, तर लवकर जा. इतकं थांबू नकोस."

डिंकीनं सुटी पानं एकसारखी करून टेबलावर ठोकली, चारही बाजूंनी, जशी ती रोज ठोकते. भोकं एकाखाली एक आली. ती पिशवीत ठेवून तिनं आत जाऊन वहिनींना "येते हं" म्हटलं. दारात चपला घालताना दादांनाही म्हणाली, "येते दादा." म्हणजे रीत म्हणून काही चुकलं नाही.

अण्णाचं कुटुंबही थोड्या वेळानं गेलं. जाताना अण्णानं आपलं पेन तेवढं उचललं. दादा टेबलापाशी बसून राहिले. त्यांच्यासमोर दोन कागद होते, परत न मागण्याचा आणि परत मागण्याचा, दोन्ही सहीविना. पाच लाख खात्यात सुखरूप होते. त्यांनी उगाचच शिल्लक उघडून पाहिली. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता. बहीण आता सुईदोरा घेऊन त्याच बाकावर बसेल, साठीपर्यंत, आणि दर रविवारी येऊन दाराजवळच्या त्याच खुर्चीवर बसेल. कदाचित दर रविवारी येणारही नाही. हा विचार आला आणि दादांना एकदम भीती वाटली, पैसे जाण्याची वाटायची त्याहून वेगळी.

मोबाइल पुन्हा वाजला.

तीन हजार. पाठवणारी डिंकी. दादांनी चष्मा पुसून शेरा वाचला. 'आईचं औषध. पहिला हप्ता.'

त्यांनी घाईघाईनं ॲप उघडलं. डिंकीचं नाव काढलं, रक्कम टाकली, तीन हजार. पुढे शेऱ्याची चौकट आली. दादांनी 'चूक' असं लिहिलं, आणि खोडलं. 'माफ' लिहायला घेतलं, पण कुणी कुणाला माफ करायचं ते त्यांचं त्यांनाच कळेना, तेही खोडलं. मग 'भेट' लिहिलं. पाच लाखांवर जो शब्द हातून लिहिला गेला नाही, तो तीन हजारांवर लिहिलेला पाहून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तोही गेला. त्यांनी चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं. बटण दबलं नाही.

"काय करताय?" वहिनींनी आतून विचारलं. दुपारपासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"डिंकीला पैसे पाठवतोय."

नळ बंद झाला. वहिनी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणून?"

दादांनी चौकटीकडे पाहिलं. ती अजून रिकामीच होती, आणि बँक त्यांना पुढे जाऊ देत नव्हती.